'एन्जॉय टू प्ले' का चुकतं आणि मराठीतून ते कसं सुधारायचं

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका हायस्कूलात इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण सरांनी मला विचारलंय: "मॅडम, कोणत्या क्रियापदापुढे आयएनजी आणि कोणत्यापुढे टू, याच्या याद्या मी मुलांकडून पाठ करून घेतो. रिकाम्या जागा भरायला दिल्या की सगळं बरोबर येतं. पण तीच मुलं निबंधात 'आय एन्जॉय टू प्ले कबड्डी' आणि 'ही सजेस्टेड मी टू गो' लिहितात. याद्यांशिवाय काही मार्ग आहे का? आणि 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे आयएनजी का येतं, हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही."

सर, मार्ग आहे, आणि तो मराठीतून जातो. सांगलीत विश्रामबागेत आणि त्याआधी मिरजेत मिळून अठ्ठावीस वर्षं मी हे शिकवलं. पहिली काही वर्षं मीही याद्याच पाठ करून घ्यायचे. गाइडांमधल्या याद्या अक्षरांच्या क्रमाने असतात, म्हणजे ॲडमिटच्या शेजारी ॲव्हॉइड. दोघांच्या अर्थाचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून मुलाच्या डोक्यात ते एकत्र राहत नाहीत. पेपर झाला की यादी गेली.

मुलांना आधी मराठीतली ही दोन वाक्यं द्या.

तो बोलायला थांबला.
तो बोलायचा थांबला.

पाचवीतल्या मुलालाही यातला फरक कळतो. पहिल्या वाक्यात तो चालत होता आणि कुणाशी तरी बोलावं म्हणून थांबला. दुसऱ्यात तो बोलत होता आणि गप्प झाला. इंग्रजीत पहिलं 'ही स्टॉप्ड टू टॉक', दुसरं 'ही स्टॉप्ड टॉकिंग'. हाच फरक मुलं रोज बोलताना करतात. इंग्रजीच्या तासाला आपण तो नवीन म्हणून शिकवतो आणि वरून अवघड म्हणून सांगतो.

माझं आवडतं उदाहरण सांगलीच्या आयर्विन पुलाचं. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी वाढलं की जाणारे-येणारे पुलापाशी पातळी किती झाली ते बघत उभे राहतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. 'वी स्टॉप्ड टू लुक ॲट द वॉटर' म्हणजे पाणी बघायला थांबलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी गावात शिरलं तेव्हा पातळी बघायचं सुचणारच नव्हतं, लोक सामान वरच्या मजल्यावर न्यायला लागले. तेव्हा 'वी स्टॉप्ड लुकिंग ॲट द रिव्हर अँड स्टार्टेड मूव्हिंग द फर्निचर.' हे वाक्य मुलांनी स्वतः बनवलेलं आहे आणि त्यातल्या कुणाचाही 'स्टॉप' नंतर चुकलेला मला आठवत नाही.

आता हे आतून कसं चालतं ते सांगते. 'करायला' हे रूप 'करावयास' वरून आलंय. सरकारी पत्रात ते अजून दिसतं: 'अर्ज सादर करावयास सांगावे'. त्यातला 'स' आणि आजच्या 'करायला' मधला 'ला' हे चतुर्थीचे प्रत्यय. गावाला जातो, तसं करायला जातो. दोन्हीकडे काहीतरी पुढे आहे आणि आपण त्याच्या दिशेने निघालोय. इंग्रजी 'टू'ची जन्मकथाही अशीच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'टू' हा 'च्या दिशेने' अशा अर्थाचा साधा शब्द होता, आणि तो क्रियापदाआधी आला की क्रियापदाच्या रूपाला आपल्या चतुर्थीसारखाच विभक्तीचा प्रत्यय लागायचा. पुढे प्रत्यय झिजून गेला, 'टू' राहिला. 'गो टू मिरज' मधला टू आणि 'वॉन्ट टू गो' मधला टू मुळात एकच.

आयएनजीचं मूळ वेगळं. तो क्रियेचं नाम बनवणारा प्रत्यय होता. त्यासाठी इतिहासात जायची गरज नाही, मिरज रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला सांगा: वेल्डिंग, वायरिंग, पार्किंग, ट्रेडिंग. आपण या शब्दांना सरळ मराठी प्रत्यय लावतो, पार्किंगला, वेल्डिंगचं, मीटिंगमध्ये. ती नामं आहेत हे आपल्या जिभेला कधीच कळलेलं आहे. मराठीत हेच काम 'णं' करतं. खेळणं, वाचणं, येणं. क्रिया हातात धरता येईल अशी वस्तू होते.

एवढ्यावरून वर्गात वापरायच्या कसोट्या निघतात. मी त्या याच क्रमाने शिकवते.

आधी बघायचं, मराठीत 'ल्याचं' येतंय का. गोष्ट होऊन गेली असेल तर इंग्रजीत आयएनजी. एकाच मराठी क्रियापदाच्या दोन वाक्यांत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. 'त्याने यायचं कबूल केलं' म्हणजे 'ही अग्रीड टू कम'. 'त्याने चोरी केल्याचं कबूल केलं' म्हणजे 'ही ॲडमिटेड स्टीलिंग'. मराठीत 'कबूल करणं' एकच, इंग्रजीत क्रियापदं दोन, आणि कुठलं टू घेणार ते मराठीतल्या 'यायचं' आणि 'केल्याचं' यांनी आधीच सांगून ठेवलंय. तसंच 'नाकारणं'. 'पैसे द्यायचं नाकारलं' म्हणजे 'रिफ्यूज्ड टू पे'. 'पैसे घेतल्याचं नाकारलं' म्हणजे 'डिनाइड टेकिंग द मनी'. या दोन जोड्या फळ्यावर लिहिल्या की वर्गात एकदम शांतता होते. मुलं मनातल्या मनात स्वतःची वाक्यं लावून बघत असतात.

रिमेंबर आणि फर्गेट यांचंही इथेच सुटतं. 'दिवा बंद करायला विसरले' म्हणजे 'आय फर्गॉट टू टर्न ऑफ द लाइट', दिवा अजून चालू आहे. 'दिवा बंद केल्याचं विसरले' म्हणजे 'आय फर्गॉट टर्निंग ऑफ द लाइट', दिवा बंद आहे, पण ते लक्षात राहिलं नाही. यातून किती गोंधळ होतो त्याची एक हकीकत सांगते. माझा एक जुना विद्यार्थी हळदीच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या एका ऑफिसात लागला होता. परदेशातल्या ग्राहकाने विचारलं, नमुना पाठवला का? याने उत्तर दिलं, 'यस, आय रिमेंबर टू सेंड इट.' त्याला म्हणायचं होतं 'पाठवल्याचं मला आठवतंय'. समोरच्याने अर्थ घेतला की पाठवायचं याच्या लक्षात आहे, म्हणजे अजून पाठवलेलं नाही. कुरिअर तिकडे कधीच पोहोचलं होतं, आणि ग्राहक दुसऱ्या पाकिटाची वाट बघत बसला. 'आय रिमेंबर सेंडिंग इट' लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता. तो पोरगा हुशार होता, यादी त्याला तोंडपाठ होती. पण यादीत 'रिमेंबर' दोन्हीकडे लिहिलेलं असतं आणि फरक कसला ते कुणी सांगत नाही.

'ल्याचं' असूनही आयएनजी येत नाही अशी एक जागा आहे, ती मुद्दाम दाखवा. 'तो झोपल्याचं सोंग करत होता' हे 'ही प्रिटेंडेड टू बी अस्लीप' असं होतं. कारण झोप झालेलीच नाही, नुसतं सोंग आहे. खरं घडलेलं असलं तर आयएनजी, हा धागा इथे तुटत नाही. उलट तो का आहे ते याच वाक्यात कळतं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं: आयएनजीने क्रिया प्रत्यक्षातली म्हणून समोर येते, टूने ती मनातली, होऊ शकणारी म्हणून येते.

दुसरी कसोटी: वाक्यात 'णं' घालून बघा. 'सिगारेट ओढायचं सोडलं' च्या जागी 'ओढणं सोडलं' म्हणता येतं, म्हणून 'गेव्ह अप स्मोकिंग'. 'येणं टाळलं', 'अव्हॉइडेड कमिंग'. 'जाणं पुढे ढकललं', 'पोस्टपोन्ड गोइंग'. 'बोलणं चालू ठेवलं', 'केप्ट टॉकिंग'. 'लिहिणं संपवलं', 'फिनिश्ड रायटिंग'. आता 'जायचं ठरवलं' घ्या. 'जाणं ठरवलं' असं आपण म्हणत नाही, कानाला खटकतं. म्हणून 'डिसायडेड टू गो'. ठरवणं, आशा करणं, वचन देणं, धमकी देणं या सगळ्यांत क्रिया अजून व्हायची आहे आणि मन तिच्याकडे तोंड करून आहे. 'यायचं वचन दिलं', 'प्रॉमिस्ड टू कम'. 'पोहायला शिकला', 'लर्न्ड टू स्विम'. 'जायला परवडत नाही', 'कान्ट अफोर्ड टू गो'.

'ट्राय' तर मराठी माणसाला कधी चुकायलाच नको. आपल्याकडे 'ऊन बघणं' आहे, म्हणजे करून बघणं, घालून बघणं. कुलूप अडकलंय. 'मी ते उघडायचा प्रयत्न केला', उघडलं नाही: 'आय ट्राइड टू ओपन इट'. 'मी तेल घालून बघितलं': 'आय ट्राइड पुटिंग ऑइल'. तेल घालणं काही अवघड नव्हतं, घातलं, उपयोग होतो का ते बघितलं. 'करून बघ' म्हणायचं असेल तिथे 'ट्राय' पुढे आयएनजी. हे मी नववीच्या वर्गात एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही.

आता मराठी जिथे दगा देते तिकडे येऊ. तुमच्या मुलांच्या चुका नेमक्या तिथल्याच आहेत आणि त्या निष्काळजीपणाच्या नाहीत, हे आधी लक्षात घ्या. मुलगा मनात म्हणतो 'मला कबड्डी खेळायला मजा येते', आणि 'ला'चं 'टू' करतो. त्याचं गणित बरोबर आहे, फक्त 'एन्जॉय' ते मानत नाही. एन्जॉय म्हणजे प्रत्यक्ष खेळताना मिळणारा आनंद. खेळ सुरू असल्याशिवाय तो आनंद नाही, म्हणून तिथे पुढची दिशा दाखवणारा टू बसत नाही. लाइक, लव्ह, हेट यांच्यापुढे दोन्ही चालतात, त्यावर वेळ घालवू नका. फक्त 'वुड लाइक' म्हटलं की टूच, कारण तिथे पुढची इच्छा आहे.

'माइंड' तसंच. 'थांबायला हरकत आहे का?' यात 'ला' आहे, पण इंग्रजी म्हणतं 'वुड यू माइंड वेटिंग?'

'सजेस्ट'वर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण ही चूक शाळेत राहत नाही, नोकरीच्या अर्जात आणि बँकेच्या पत्रात जाते. 'त्यांनी मला जायला सुचवलं' हे वाक्य 'टेल' आणि 'ॲडव्हाइज' च्या साच्यात छान बसतं: 'ही टोल्ड मी टू गो', 'ही ॲडव्हाइज्ड मी टू गो'. म्हणून मूल 'ही सजेस्टेड मी टू गो' लिहितं. सजेस्ट माणसाला कर्म म्हणून घेत नाही, तो फक्त कल्पना घेतो. त्याच्यापुढे आयएनजी येतं, 'ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन', नाहीतर सरळ 'दॅट', 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो'. सुचवलेली गोष्ट व्हायची आहे हे खरं, तरी टू नाही. कन्सिडर आणि रिस्क यांचंही असंच, दोन्ही पुढचं बोलतात आणि आयएनजी घेतात. माझी समजूत अशी की इथे क्रिया टेबलावर ठेवलेल्या प्रस्तावासारखी आहे, चर्चेसाठी मांडलेली वस्तू. पण मुलांना हे ताणून समजावू नका. सजेस्ट, कन्सिडर, रिस्क, माइंड, प्रॅक्टिस, एन्जॉय ही सहा पाठच करून घ्या. पाठांतराला माझा विरोध नाही. सहा शब्द लक्षात राहतात, साठ राहत नाहीत.

उलट्या बाजूचा दगा 'मॅनेज' देतो. 'शी मॅनेज्ड टू कॅच द बस', तिने बस गाठली, गोष्ट झाली, तरी टू. इथे पुन्हा 'टू'चं जुनं घर आठवा. धावणं त्या दिशेने होतं आणि ती तिथे पोहोचली. 'फेल' मध्ये पोहोचली नाही. दोन्हीकडे डोळा शेवटच्या टोकावर आहे.

दुसऱ्याने काहीतरी करावं असं म्हणायचं असेल तर तिथेही मराठी आडवी येते. 'तू यावंस असं मला वाटतं' वरून 'आय वॉन्ट दॅट यू कम' तयार होतं. वॉन्ट मध्ये माणूस मधे बसतो: 'आय वॉन्ट यू टू कम'. 'एक्स्पेक्ट', 'आस्क', 'अलाव' यांचाही साचा हाच.

'लेट' आणि 'मेक' यांचं काम पटकन होतं. 'जाऊ दिलं' मध्ये 'ला' नाही, 'लेट मी गो' मध्ये टू नाही. मुलांना हे जुळणं फार आवडतं. 'मेक' मात्र वेगळा: 'जेवायला लावलं' मध्ये 'ला' आहे, पण 'शी मेड मी ईट' मध्ये टू नाही. वाक्य कर्मणी केलं की मात्र टू परत येतो, 'आय वॉज मेड टू ईट'. हे बोर्डाच्या व्हॉइसच्या प्रश्नात येतं, म्हणून सांगून ठेवा.

आता तुमचा 'लुक फॉरवर्ड टू'. इथला टू क्रियापदाच्या घरातला नाही, तो 'गो टू मिरज' मधला, अजून नामाकडे बोट दाखवणारा. ओळखायची युक्ती सोपी: टू नंतर 'इट', म्हणजे 'ते', घालून वाक्य पूर्ण होतं का बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट', पूर्ण झालं. म्हणजे टू ला नाम हवं, आणि क्रियेचं नाम म्हणजे आयएनजी: 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टू इट' म्हणून बघा, वाक्य लंगडं राहतं. म्हणजे तिथे टू ला मूळ क्रियापद हवं. नोकरीच्या अर्जाखाली 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' लिहिणारी कितीतरी मुलं मी पाहिलीत, अगदी इंजिनिअरिंगची सुद्धा. 'हिअरिंग' एवढाच बदल, पण अर्ज वाचणाऱ्याच्या नजरेत शेवटची ओळ तीच असते.

'यूज्ड टू' लाही हीच 'इट'ची कसोटी लावता येते, पण मराठीचा रस्ता जवळचा आहे. 'मी चालत शाळेत जायचे', आता जात नाही: 'आय यूज्ड टू वॉक टू स्कूल'. 'मला चालायची सवय आहे': 'आय ॲम यूज्ड टू वॉकिंग'. जायचे आणि सवय, एवढे दोन शब्द धरले की पुरे. आणि टू सोडून बाकी कुठल्याही शब्दयोगीसारख्या शब्दापुढे, इन, ॲट, ऑफ, बाय, विदाउट, आयएनजीच येतं. 'न सांगता गेला', 'ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन'. याला अपवाद शोधत बसायची शाळेच्या पातळीवर गरज नाही.

बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू यांत फरक नाही म्हटलं तरी चालेल. फक्त दोन आयएनजी शेजारी आणू नका, 'इट इज स्टार्टिंग रेनिंग' कानाला बरं लागत नाही, 'टू रेन' म्हणा.

वर्गात कसं करायचं, तर एक गोष्ट बदला: रिकाम्या जागा बंद करा. निदान दोन महिने. रिकाम्या जागेत क्रियापद आधीच छापलेलं असतं, मुलाला फक्त शेपूट जोडायचं असतं. निबंधात त्याला क्रियापद स्वतः निवडावं लागतं, आणि तिथेच तो मराठीतून इंग्रजीत उडी मारतो. म्हणून त्याला उडीचीच सवय द्या. घरची मराठी वाक्यं आणायला सांगा. तुमच्या भागातली मुलं द्राक्षबागेतली, बेदाण्याच्या शेडवरची वाक्यं आणतील: 'बाबांनी फवारणी करायचं थांबवलं', 'औषध आणायला विसरलो', 'माल पाठवल्याचं अडत्याने नाकारलं', 'बेदाणा शेडमध्ये ठेवून बघितला'. प्रत्येक वाक्यात आधी 'ला', 'ल्याचं', 'णं', 'ऊन बघणं' यांच्याखाली रेघ मारायची आणि मगच इंग्रजीत न्यायचं. सुरुवातीला रेघ मारण्यातच तास जाईल, जाऊ द्या.

बारावीच्या पेपरात वाक्य जेरंड (आयएनजीचं नाम) किंवा इन्फिनिटिव्ह (टूचं रूप) वापरून पुन्हा लिहायला सांगतात, त्यासाठी वेगळी तयारी हवी, ती दिवाळीनंतर करा. तिथे 'टू वॉक इज गुड' चं 'वॉकिंग इज गुड' करायचं असतं. कर्त्याच्या जागी दोन्ही चालतात, म्हणून त्या प्रश्नाने मुलाचा असा समज होतो की दोन्ही रूपं नेहमीच बदलून वापरता येतात. तो समज आधीच तयार झाला की 'एन्जॉय टू प्ले' परत येतं. आधी क्रियापदापुढचा भाग पक्का करा, मग हा प्रश्न घ्या. तपासताना 'ही सजेस्टेड मी टू गो' वर नुसती लाल फुली मारू नका, वर मराठीत 'सांगितलं की सुचवलं?' एवढं लिहा. मूल स्वतः 'टोल्ड' करून आणतं.